विपश्यना
शरीरातील संवेदना तटस्थपणे न्याहाळण्याची बौद्ध ध्यानपद्धती. तिचे आधुनिक प्रसारक सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) हे मंडालेत जन्मलेले व्यापारी. अर्धशिशीने बेजार होऊन ते मॉर्फिन घेत. १९५५ मध्ये ते रंगूनला विपश्यना शिकवणारे ऊ बा खिन यांच्याकडे गेले, पण केवळ डोकेदुखीसाठी शिकवायला गुरूंनी साफ नकार दिला. हेतू चित्तशुद्धीचा हवा. दुखणे हटले तर ओघाने. १९६९ पासून गोएंकांनी भारतात शिबिरे घेतली. इगतपुरीचे धम्मगिरी हे प्रमुख केंद्र. दहा दिवसांच्या मौन शिबिरात आधी नाकपुड्यांपाशी श्वासावर लक्ष, मग डोक्यापासून पायांपर्यंत संवेदनांचे निरीक्षण. ‘अधिष्ठाना’च्या, म्हणजे दृढ निश्चयाच्या, तासभराच्या बैठकीत गुडघा ठणकला तरी शक्यतो मांडी मोडायची नाही, खरी कसोटी तिथेच. गंभीर मनोविकार असलेल्यांना मात्र शिबिरे हा उपचार नव्हे, असे केंद्रेच बजावतात.