लाकडाचा जोडीदार

तुम्ही सप्तशृंगी गड चढताय. एकोणिसावं शतक नुकतंच लागलंय, पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई आहे. उमाबाई दाभाड्यांनी बांधवलेल्या पायऱ्या मांड्यांची परीक्षा बघतात. वर शेंदरात न्हालेली अठरा हातांची देवी आणि झाडाझाडावर वानरं.

तिथेच एक तरुण मल्ल अनुष्ठानाला बसलाय. बाळंभट देवधर, नाशिककडचाच. त्याच्याशी आत्ता बोलू नका. निजामाच्या मुलखातले अली आणि गुलाब हे पहिलवान पेशव्यांच्या दरबारात शड्डू ठोकून गेलेत. कुणी पुढे येईना, तेव्हा यानं विडा उचलला आणि तयारीसाठी मुदत मागून घेतली. ताकदीत अली भारी आहे, हे त्यालाही ठाऊक आहे.

आखाड्यांमधली कथा सांगते, की देवीच्या कृपेनं मारुतीनं त्याला लाकडावरच्या पकडी दाखवल्या. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांचा हा खांब, म्हणजे मल्लखांब, आहेच, पण ती विद्या मागे पडलेली. ती पुन्हा उभी केली ती या माणसानं.

जवळ या, खांब बघा. सागाचा, जमिनीत घट्ट पुरलेला. माथ्यावर गोल बोंड, त्याखाली बारीक मान, मग खाली जाड होत गेलेलं अंग. एरंडेल चोळा, नाहीतर कातडी सोलून निघेल. आता अढी मारा: पाय वर टाका, मांड्यांनी खांब आवळा, डोकं खाली, हात सोडा. पोटरीपासून मानेपर्यंत सगळं अंग कामाला लागतं. जोडीचा पहिलवान तासाभरात दमतो. खांब दमत नाही.

मग पुण्याचा आखाडा. अली चीत होतो आणि गुलाब लढायलाच नकार देतो, अशी ही कथा.

मला मात्र त्या कुस्तीपेक्षा पुढचे बाळंभटदादा मोठे वाटतात. जिंकून देणारा डाव त्यांनी मुठीत ठेवला नाही, पोरांना शिकवला. १८१८ ला पेशवाई बुडाली, बाजीराव ब्रह्मावर्ताला गेले, मल्लांचा राजाश्रय सुटला. विद्या मात्र कोंडभट गोडबोल्यांसारख्या शिष्यांच्या अंगात मुरलेली होती.

पुढे शतकभरानं इंग्लंडच्या जिमी होगनचंही असंच झालं. बोल्टन, फुलहॅमकडून खेळलेला हा फुटबॉलपटू नावाजला तो व्हिएन्ना-बुडापेस्टच्या खेळाडूंना घडवून. १९५३ साली हंगेरीनं वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असं हरवलं, तेव्हा हंगेरीवाल्यांनी श्रेय त्याच्या पदरात टाकलं.

आता फेब्रुवारी २०१९ मध्ये, दादरच्या शिवाजी पार्कवर या. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरलीय. देशोदेशीचे खेळाडू एरंडेलानं माखलेत, आणि कडेला उभे असलेले त्यांचे उस्ताद ओरडताहेत: मांडी आवळ!