पत्ता तोच, जिल्हा दुसरा

थंडीचे दिवस, साल १९८४. सुरतकडून आलेल्या गाडीतून तुम्ही नंदुरबारला उतरता आणि मिरचीच्या पथाऱ्यांवरचा वारा नाकात शिरतो. शिंका आवरत एसटी धरायची. प्रकाशाजवळ तापी ओलांडली की शहादा. जिल्हा धुळे, विद्यापीठ पुणे, वय चोवीस, पिशवीत मेकॅनिकलची पदवी आणि नेमणुकीचं पत्र. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना वाट मोकळी केली आणि पी. के. अण्णा पाटलांच्या संस्थेनं इथं कॉलेज काढलं. सहकारी साखर कारखाना उभा करणाऱ्या माणसाला कॉलेजचं काय एवढं!

ड्रॉइंग हॉलमध्ये पोरं बोर्डाला शीट लावून मिनी ड्राफ्टर सरळ करतायत. टूएच पेन्सिलींना घासून घासून टोक काढलेलं. तुम्ही फळ्यावर सेंट्रिफ्यूगल पंपाचा छेद काढता. हवेचा दाब पाण्याला फार तर दहा मीटर वर ढकलतो, प्रत्यक्षात सहा-सातच्या पुढे भरवसा नाही. मग विचारता, पंप चालू आहे पण पाणी येत नाही, का? सगळे पुस्तक चाळतात. मागून आवाज येतो, “सर, फुटबॉल गळत व्हई.” वर्ग हसतो. पण पोरगा बरोबर असतो. सक्शन पाईपच्या तळाची झडप, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, गळाली की पाणी उतरतं, हवा शिरते आणि पंप नुसता घरघरतो. हे तो घरच्या विहिरीत उतरून शिकलेला.

जरा पुढे सरका. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होतं, १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा. तुम्ही खुर्चीवरून उठलेलाही नाहीत आणि लेटरहेड दोनदा बदललं. निवृत्तीच्या तोंडावर, २०१८ मध्ये, विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळेल तेव्हा पुन्हा बदलेल. ड्राफ्टर माळ्यावर गेले, ऑटोकॅड आलं. ते सगळीकडेच झालं. विहिरींचं मात्र सांगायला हवं. केळीच्या पट्ट्यात पाणी खोल गेलं तसा काठावरचा पंप विहिरीत उतरला, पुढे बोअरमध्ये सबमर्सिबल गेला. तुमचा सात मीटरचा नियम खराच राहिला, फक्त पोरांच्या मळ्यात त्याला कुणी विचारेना.

२००३. जीप धडगावचा घाट चढते. बिलगावला उदई नदीवर गावकऱ्यांच्या श्रमदानातून आणि केरळच्या दोन अभियंत्यांच्या हातून १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा आहे. बंधारा, पाट, पाईप, टर्बाइन. तुम्ही वीस वर्षं फळ्यावर काढत आलात ते सगळं इथं ओलं आणि आवाज करणारं. पावरा घरातला एक विद्यार्थी पाटातून तरंगतं पान सोडतो, घड्याळ लावून वेग काढतो, प्रवाह आणि उंचीवरून वीज काढतो आणि आकडा जमला म्हणून स्वतःवरच खूश होतो.

२००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या पाण्यात तो प्रकल्प बुडतो.

पुढच्या वर्षी तुम्ही वर्गात तेच गणित घालता. एक मुलगी उत्तर काढून विचारते, “सर, बुडणार होतं हे या गणितात कुठं येतं?” येत नाही. तुम्ही टर्बाइन बाजूला ठेवून सातपुड्याचा कंटूर नकाशा टेबलावर पसरता. उरलेला तास त्यातच जातो. अभ्यासक्रमाच्या पुढच्या बैठकीला जळगावला निघताना तो नकाशा गुंडाळून सोबत घेता.