पाहुण्याचे दस्तरखान

बीडजवळ करजणीच्या टेकडीवर एक छोटी घुमटी आहे. तिथे मुहम्मद बिन तुघलकाचा दात पुरला आहे, असे मानतात. वरंगळहून परतताना बीड मुक्कामी सुलतानाचा दात गेला आणि तो थाटात दफन झाला, असे फरिश्ताने लिहून ठेवले आहे.

याच सुलतानाच्या पदरी काझी असलेला इब्न बतूता 1342 मध्ये दिल्लीहून निघाला. बीडला तो आला नाही. दौलताबाद, नंदुरबार करत खंबायतकडे गेला. दौलताबादची द्राक्षे-डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, याचे त्याला अप्रूप. नंदुरबारच्या मराठ्यांचे अन्न म्हणजे भात, भाज्या आणि तिळाचे तेल, आणि जेवण्याआधी ते गुसलाइतकी काटेकोर अंघोळ करतात, असे तो म्हणतो. या वर्णनात ज्वारी नाही! त्याच जागी तो ब्राह्मण-क्षत्रियांचा उल्लेख करतो, हे ध्यानात घेतले म्हणजे उलगडा होतो. प्रवासी ज्यांच्याकडे पाहतो, त्यांचेच ताट मुलखाचे ताट ठरते.

पुढे 1352 मध्ये मालीच्या सुलतानाकडून भेट आली म्हणताच तो खिलअत आणि पैशांच्या आशेने उठला. आल्या तीन भाकऱ्या, तळलेल्या गोमांसाचा तुकडा आणि दह्याचा भोपळा. त्याला हसू आले. यजमानाच्या घरात काय होते, हा प्रश्न त्याला पडला नाही.

आम्हा बीडकरांकडे येणारे पाहुणेही असेच. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाचा, म्हणून त्यांना हैदराबादी बिर्याणी हवी. औरंगाबादचा नान-खलिया तर थेट तुघलकाच्या लष्कराशी जोडला जातो. लग्नातला दालचा त्यांना आवडतो. पण आमच्या घरी रोज भाकरी थापली जाते, सोबत पिठले किंवा अंबाडीची भाजी, आणि ती वाढताना आम्ही जरा संकोचतो. मराठी पाहुण्याला वाटते मुसलमानाकडे असे कसे, आणि उत्तरेकडच्या मुसलमान पाहुण्याला वाटते हे तर मराठ्यांचे जेवण. दोघांनाही घरातली चूल ठाऊक नाही. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हापासून मात्र भाकरीची मागणी पाहुणेच करू लागले आहेत.

1972च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. ती आमच्याही घरांत शिजली. तिची चव विचारा, म्हाताऱ्या बाया अजून तोंड वाकडे करतात.