आर.सी. बुकावरचा बोजा

प्रिया स्कूटर आमच्या साताऱ्यात तयार व्हायची आणि साताऱ्याच्या माणसालाही ती रांगेत राहूनच मिळायची. 1975 साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली, कारखाना इथे आला. गावच्या पोरांना नोकऱ्या लागल्या, पण रांग काही हलली नाही. बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर नोकरीची बरीच वर्षं काढल्यामुळे मला एक प्रश्न आजही वारंवार विचारला जातो: गाडी रोखीने घ्यावी, की कर्ज काढून घ्यावी आणि हातातले पैसे गुंतवावेत? माझ्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नव्हता. त्यांनी रोखीने गाड्या घेतल्या त्या काटकसरीचं तत्त्व म्हणून, असं आपण मानतो. मला ते पटत नाही. त्यांच्यापुढे दुसरी वाटच जवळपास नव्हती.

मोटारींच्या विक्रीवर 1959 साली आणि स्कूटरच्या विक्रीवर 1960 साली सरकारी नियंत्रण आलं. नाव नोंदवायचं तर पोस्टात बचत खातं उघडायचं, स्कूटरसाठी 250 रुपये आणि मोटारीसाठी 2,000 रुपये भरायचे आणि ते पासबुक तारण ठेवायचं. वडिलांचं पासबुक माझ्याकडे आहे. कडा मऊ पडल्या आहेत, तारणाचा जांभळा शिक्का तिरका बसून खातेदाराच्या नावावर चढला आहे. आतल्या पानांवर एकच मोठी नोंद, आणि तिच्याखाली वर्षामागून वर्ष व्याजाचे किरकोळ आकडे, दर वेळी वेगळ्या कारकुनाच्या अक्षरात. वडील हायस्कुलात शिक्षक होते. स्कूटरचे बाकीचे पैसे ते दर महिन्याला बाजूला टाकत आणि मध्येच किंमत वाढल्याची बातमी आली की आईबरोबर पुन्हा हिशेब मांडत.

ज्याचा भाऊ आखातात असे, त्याचं नशीब वेगळं. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे. बाकीच्यांपैकी ज्यांना दम निघत नसे ते ‘ऑन’ देऊन घेत, म्हणजे छापील किमतीवर वरची रक्कम मोजून, नंबर लागलेल्या माणसाकडून. शोरूमबाहेर पडताच गाडीची किंमत उतरते हे आजचं गृहीतक तेव्हा उलटं होतं. नवी कोरी चेतक स्कूटर बाहेर आली की तिचा भाव चढायचा. गाडी मिळाल्यावर ठरावीक काळ ती विकायला बंदी घालावी लागली होती, यावरून काय ते समजावं.

मोटारीचं चित्र त्याहून ठळक आहे. 1983 साली मारुतीची नोंदणी सुरू झाली तेव्हा 10,000 रुपये आगाऊ भरायचे होते. गाडीची किंमत पन्नास हजारांच्या आसपास. लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरले. लाख गुणिले दहा हजार म्हणजे शंभर कोटी रुपये, आणि पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली ती त्याच वर्षी 14 डिसेंबरला. तोवर हा सगळा पैसा गाडी न पाहिलेल्यांचा होता. कर्ज घेणारा कारखाना आणि देणारं गिऱ्हाईक, असा तो व्यवहार. आमच्या घरातली माणसं कर्जाला घाबरत होती हे खरं, पण ती स्वतः सावकार झाली होती हे कुणी त्यांना सांगितलं नाही.

हप्ता मात्र गावाला ठाऊक होता. सरकारी नोकराला वाहनासाठी अग्रिम मिळे आणि तो पगारातून कापला जाई. पगारदारांच्या पतसंस्था दोन जामीनदार घेऊन कर्ज देत. ट्रकवाल्यांचा तर धंदाच हायर परचेसवर उभा होता. त्यात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडी कायद्याने फायनान्सवाल्याची, चालवणारा तिचा भाडेकरू. या व्यवहारात गिऱ्हाइकाला संरक्षण मिळावं म्हणून संसदेने 1972 साली कायदा केला. तो कधी अमलातच आणला गेला नाही आणि 2005 साली रद्द झाला. हप्ता थकल्यावर ज्यांची गाडी रस्त्यात ओढून नेली, अशी माणसं मी पाहिली आहेत. त्या कायद्याचं असं मातेरं झाल्याचा मला आजही संताप येतो. वसुलीसाठी गुंड वापरू नका, हे 2007 साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

1987 साली बजाज ऑटो फायनान्स सुरू झाली. 1 एप्रिल 1989 पासून चेक न वटणं हा गुन्हा ठरला. माझ्या मते हप्त्यांच्या बाजाराला खरं बळ या दुसऱ्या गोष्टीने दिलं. आता जामीनदाराच्या मिनतवाऱ्या नकोत. पुढच्या तारखांचे 36 चेक सही करून ठेवून घेतले की झालं. आर.टी.ओ.त आर.सी. बुकावर बोजा चढायचा, कर्ज फिटलं की पस्तीस नंबरच्या फॉर्मवर सही घेऊन तो उतरवायचा. 1991 नंतर नव्या कंपन्या आल्या, रांगा संपल्या, आणि पैसे जवळ असलेल्या माणसालाही कर्ज घेण्याचा आग्रह होऊ लागला.

त्या आग्रहाचं गणित मला तोंडपाठ आहे, कारण एजंट ते कागदावर मांडून दाखवत आणि लोक तो कागद घेऊन आमच्या बँकेत येत. ‘फ्लॅट 12 टक्क्यांनी एक लाख घ्या. तीन वर्षांचं व्याज 36,000. तुमचे लाख रुपये 12 टक्क्यांच्या ठेवीत राहू द्या, चक्रवाढीने 42,576 मिळतील. गाडी वापरून वर साडेसहा हजार नफा!’ बेरीज चुकीची नाही. पण दरमहा 3,778 रुपयांचा हप्ता पगारातून जातो, तो या कागदावर कुठेच नाही. कर्ज दर महिन्याला फिटत जातं आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या लाखावर धरलेलं. घटत्या शिल्लकीवर मांडलं की हे 12 टक्के 21 टक्क्यांच्या वर जातात. रोखीने गाडी घेणाऱ्याने तेच 3,778 रुपये दरमहा 12 टक्क्यांनी साठवले, तर तीन वर्षांनी त्याच्याजवळ 1,62,000 च्या पुढे जमतात. कर्ज घेणाऱ्याकडे 1,42,576. तेव्हा पी.पी.एफ.वर 12 टक्के मिळत आणि किसान विकास पत्रात पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. इतकं व्याज सुखाने मिळत असूनही 21 टक्क्यांना ते पुरं पडत नव्हतं.

आता वाहनकर्ज नऊ टक्क्यांच्या आगेमागे मिळतं, तेही घटत्या शिल्लकीवर. ठेवीला सात टक्के धरा, त्यावर कर. फरक उरला आहे, पण पूर्वीसारखा अंगावर येणारा नाही. शेअर बाजाराशी जोडलेल्या एस.आय.पी.त पैसे ठेवून कर्ज घेणारे तरुण मला त्यांचे तक्ते दाखवतात. त्यातला परतावा अंदाजाचा आहे, हप्ता पक्का. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला गाडी धंद्याच्या खर्चात दाखवून व्याज आणि घसारा वजा करता येतो, त्याचं गणित निराळं. पगारदाराला ती सोय नाही.

ज्यांची ठेव मुदतीच्या मध्यावर होती, त्यांना मी ती मोडू देत नसे. ठेवीच्या दरावर एक-दोन टक्के जास्त लावून ठेवीवरच कर्ज मिळतं. ते जमेल तसं फेडता येतं आणि गाडीच्या आर.सी.वर बोजा चढत नाही. साताऱ्यातल्या कितीतरी गाड्या अशाच आल्या. मालक त्या रोखीने घेतल्याचं सांगतात, आणि शोरूमच्या पावतीवर तसंच छापलेलं आहे.