सरळ रेषेवर शॉक का देत नाहीत? हृदयातल्या पेसमेकर पेशींचं गणित

सिनेमात मॉनिटरवर सरळ रेषा दिसते, डॉक्टर छातीवर शॉक देतात आणि हृदय पुन्हा धडधडू लागतं. प्रत्यक्षात सरळ रेषेवर शॉक देत नाहीत. का, ते हृदयातल्या पेसमेकर पेशी समजून घेतल्या की कळतं.

ठोका कुठून येतो?

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा लहानसा पुंजका असतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचं वर्णन केलं. या पेशी स्वतःहूनच ठोका देतात. पेशीतला विद्युतदाब उणे ६० मिलिव्होल्टच्या आसपास उतरला की सोडियम हळूहळू आत झिरपू लागतं. दाब चढत उणे ४० च्या जवळ आला की कॅल्शियमची दारं उघडतात आणि ठोक्याचा संदेश सुटतो. आरामात बसलेल्या प्रौढ माणसात हे साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० वेळा घडतं. मेंदूकडून येणाऱ्या नसा फक्त वेग कमी-जास्त करतात.

बाहेरून वीज दिली तर?

ती कधी मिळते, यावर सगळं अवलंबून असतं. नुकताच ठोका पडला असेल, तर पेशी क्षणभर दाद देत नाही. त्यानंतर पुरेसा झटका मिळाला, तर पुढचा ठोका वेळेआधी पडतो आणि तिथून पेशीची मोजणी नव्याने सुरू होते.

नैसर्गिक वेगापेक्षा जलद झटके सतत दिले, तर पेशी त्याच तालावर चालते. झटके थांबवले की मात्र ती थोडा वेळ गप्प राहते. हा विराम किती लांबतो, हे मोजून डॉक्टर सायनस नोडचं काम तपासतात.

मग शॉक काय करतो?

व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त पुढे ढकललं जात नाही. शॉकमुळे बहुतेक पेशी एकाच वेळी उत्तेजित होतात आणि हा गोंधळ थांबतो. त्यानंतरच्या शांततेत पेसमेकर पेशींना पुन्हा ताल धरता येतो. सरळ रेषेत थांबवायला गोंधळच नसतो. तिथे छाती दाबत राहणं आणि ॲड्रेनालिन हेच उपचार.

हे लक्षात ठेवा

कोणी अचानक कोसळलं, हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ किंवा ११२ वर फोन करा आणि लगेच छाती दाबायला सुरुवात करा. जवळ एईडी यंत्र असेल तर लावा. शॉक द्यायचा की नाही, हे यंत्र स्वतःच तपासून सांगतं.