सीनाकाठची चावडी आणि युद्धाची भित्तिपत्रके

आष्टी तालुक्याच्या पश्चिम अंगाने सीना नदी वाहते. आज ती ओलांडली की जिल्ह्याचे नाव बदलते, इतकेच. परंतु १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत या पात्राच्या दोन काठांवर दोन राज्ये, दोन राजभाषा, दोन चलने आणि दोन तऱ्हांची दप्तरे नांदत होती. अलीकडे निजामाच्या औरंगाबाद सुभ्यातील बीड जिल्हा, उर्दूतून चालणारी तहसील, हाली सिक्का आणि करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके. पलीकडे मुंबई इलाखा, कलेक्टराची कचेरी, कलदार रुपया आणि नगरची विस्तीर्ण लष्करी छावणी. सात हाली रुपयांना सहा कलदार मिळत, आणि बाजारहाटासाठी नगरची वाट तुडविणाऱ्या आष्टी-कड्याच्या माणसाला हा हिशेब तोंडपाठ ठेवावाच लागे. दोन महायुद्धांच्या काळी सरकार आपल्या प्रजेशी कोणत्या शब्दांत बोलले आणि त्या शब्दांचे प्रजेने काय केले, याचा शोध घ्यावयाचा तर अशा सरहद्दीच्या मुलखाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. कारण येथे एकाच युद्धाविषयी दोन दरबार बोलत होते आणि ऐकणारा शेतकरी मात्र एकच होता.

भित्तिपत्रक हे मुळात संमती मिळविण्याचे साधन आहे. १९१४ साली इंग्लंडात सक्तीची लष्करभरती नव्हती, म्हणून आल्फ्रेड लीट या चित्रकाराने काढलेला भरघोस मिशांचा लॉर्ड किचनेर पाहणाऱ्यावर थेट बोट रोखून उभा राहिला. त्याच कल्पनेवरून १९१७ मध्ये अमेरिकेत जेम्स माँटगोमेरी फ्लॅगने अंकल सॅम रंगविला. जेथे मतदार आहे, वर्तमानपत्र आहे आणि लोकांचे मन वळविल्यावाचून सरकारला फार काळ निभावता येत नाही, अशा देशांत वाढलेले हे साधन हिंदुस्थानात आले, तेव्हा ते अशा रयतेपुढे उभे करण्यात आले की जिला युद्ध पुकारताना कोणी काही विचारलेच नव्हते. १९१४ मध्ये विचारले नव्हते, आणि १९३९ च्या ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात सामील असल्याचे जाहीर केले तेव्हा निवडून आलेल्या प्रांतिक मंत्रिमंडळांनाही विचारले नव्हते. संमती न घेताच संमतीची भाषा बोलणे, हा हिंदुस्थानातील युद्धप्रचाराचा मूळ दोष होता, आणि त्याची चित्रे कितीही कुशल हातांनी रंगविलेली असोत, तो दोष त्यांतून कधी गेला नाही.

लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये पहिल्या महायुद्धातील काही उर्दू भित्तिपत्रके जतन केलेली आहेत. त्यांतील एकात माणूसच नाही. आहे तो एक रिकामा गणवेश, एक बंदूक आणि रुपये. आणि प्रश्न असा की, हे सारे कोण घेणार? उत्तरही खालीच दिलेले : जो विनाविलंब भरती होईल तो. दुसऱ्यात शिपाई हिंदुस्थानचे, आपल्या घराचे आणि घरच्यांचे रक्षण करीत असल्याचे सांगून, कुटुंबाला मदत करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे फौजेत दाखल होणे, असा उपदेश केलेला आहे. या दोन चित्रांकडे लक्षपूर्वक पाहिले म्हणजे राज्यकर्त्यांनी खेड्यातील माणसाची परीक्षा किती अचूक आणि किती कठोरपणे केली होती ते ध्यानात येते. इंग्लंडातील तरुणाला राजा, देश आणि कर्तव्य यांची आठवण देण्यात येत होती. येथील तरुणाला महिना अकरा रुपयांचा पगार, अंगभर कापड आणि घरची ओढगस्त दाखविण्यात येत होती. बेल्जियमशी झालेल्या कराराचे अगत्य दख्खनच्या कुणब्याला वाटणार नाही हे त्यांना ठाऊक होते, परंतु सावकाराचा तगादा त्याला कळतो हेही तितकेच ठाऊक होते. रिकाम्या गणवेशाचे ते चित्र मला सगळ्या युद्धचित्रांत प्रामाणिक वाटते, कारण त्यात सौदा उघडपणे मांडलेला आहे.

निजामाच्या मुलखात आवाहनाची रीत वेगळी होती. तेथे फर्मान निघे. १९१४ च्या अखेरीस तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरले, खलिफाच इंग्रजांचा शत्रू झाला आणि हिंदी मुसलमानांची निष्ठा डळमळेल अशी धास्ती सरकारला पडली, त्या वेळी सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने जाहीरनामा काढून इंग्रजांशी एकनिष्ठ राहण्याचा आदेश दिला. इंग्रजांना हजारो भित्तिपत्रकांपेक्षा हा एक कागद अधिक मोलाचा ठरला. त्यामागोमाग द्रव्यही गेले. ब्रिटिश हवाई दलाच्या ११० व्या स्क्वाड्रनची विमाने निजामाच्या देणगीतून सिद्ध झाली, तिला हैदराबादचे नाव मिळाले आणि देणगीदाराचा उल्लेख विमानांवर रंगविण्यात आला. १९१८ मध्ये निजामाला ब्रिटिश सरकारचा ‘विश्वासू दोस्त’ ही पदवी लाभली. दुसऱ्या महायुद्धात १५२ व्या स्क्वाड्रनलाही हैदराबादचेच नाव होते. तिच्या चिन्हावर निजामाची दस्तार होती आणि ब्रीदवाक्य होते ती पदवीच. १९४० साली इंग्लंडच्या आकाशातील लढाईत ही स्क्वाड्रन लढली. त्या विमानांच्या पंखाखाली जो पैसा होता, तो अखेर दख्खनच्या जमीनमहसुलातूनच उभा राहिलेला होता. बीड जिल्ह्याच्या बरड माळावर दोन पायली बाजरीसाठी आभाळाकडे डोळे लावणाऱ्या रयतेचा त्यात वाटा होता, आणि त्या रयतेचे नाव कोणत्याही विमानावर नव्हते.

ब्रिटिश मुलखात या सौद्याला निदान जाहीर प्रश्न विचारणारे कोणी होते. १९१८ च्या १० जून रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत लोकमान्य टिळक बोलावयास उभे राहिले आणि स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडविले, तेव्हा ते सभा सोडून निघून गेले. टिळक भरतीच्या विरुद्ध नव्हते. हिंदी माणसाला अधिकारपद मिळणार असेल तर माणसे मिळवून देण्याची त्यांची तयारी होती. प्रजेला केवळ आवाहन करावयाचे आणि तिचे म्हणणे मात्र ऐकावयाचे नाही, हे त्यांना मान्य नव्हते. हैदराबाद संस्थानात असा प्रश्न उभा करण्यास व्यासपीठही नव्हते.

आता आष्टीच्या चावडीकडे वळू. संस्थानात साक्षरतेचे प्रमाण शेकडा दहाच्याही खाली, आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू; म्हणजे मराठी बोलणाऱ्या गावात लिहिलेला हुकूम वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पटवाऱ्याने कागद उलगडावा, मतलब सांगावा, आणि मग गल्लोगल्ली दवंडी फिरावी, हाच सरकारी संदेशाचा खरा मार्ग. चित्राचे म्हणाल तर, पुण्याच्या चित्रशाळेने आणि रविवर्म्याच्या छापखान्याने घराघरांत पोहोचविलेल्या देवादिकांच्या तसबिरी हीच खेड्यातील डोळ्यांची चित्रशाळा होती. भिंतीवरचे चित्र पाहून हात जोडावयाचे, अशी सवय असलेल्या डोळ्यांपुढे शिरस्त्राण घातलेला शिपाई आणि ट्रॅक्टरवरचा हसरा शेतकरी आला, तेव्हा तो कुतूहलाचा विषय झाला असेल, श्रद्धेचा झाला नाही. त्या शेतकऱ्याचे धोतर, त्याचे औत, त्याची जमीन यांपैकी कशाचीही ओळख चित्रात पटत नसे.

दुसऱ्या महायुद्धात प्रचाराचा व्याप फार वाढला. १९४० मध्ये फिल्म अ‍ॅडव्हायझरी बोर्ड निघाले आणि व्ही. शांताराम यांच्यासारखा कसबी दिग्दर्शक काही काळ त्याच्या चित्रनिर्मितीचा प्रमुख होता. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडले आणि त्याच सुमारास ‘नॅशनल वॉर फ्रंट’ ही संघटना उभी राहिली; अफवांवर विश्वास ठेवू नका, साठेबाजी करू नका, धीर सोडू नका, हे तिचे मुख्य सांगणे. परंतु लोक सरकारी शब्दाचा कस आपल्या पद्धतीने लावीत होते. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्याची वार्ता येताच ब्रिटिश हिंदुस्थानात लोकांनी चांदीचे रुपये दडवावयास प्रारंभ केला. सरकारला गरजेपेक्षा अधिक नाणी बाळगणे गुन्हा ठरवावे लागले आणि एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. पुढे रुपयातील चांदी उतरली, आणि १९४३ मध्ये तांबे वाचविण्यासाठी मधोमध भोक पाडलेला पैसा आला. विजय निश्चित आहे असे भिंत सांगत होती, आणि खिशातला भोकाचा पैसा वेगळेच काही सांगत होता. या दोहोंत लोकांनी पैशावर विश्वास ठेवला, यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

ब्रह्मदेश गेल्याने तेथील तांदूळ बंद झाला, मुंबईत १९४३ च्या मे महिन्यात शिधावाटप सुरू झाले, आणि त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. ‘अधिक धान्य पिकवा’ ही १९४२ ची मोहीम या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. तिच्यामागचा हेतू वाईट नव्हता. परंतु आष्टीचा मुलूख पर्जन्यछायेचा. हलकी, मुरमाड जमीन. खरिपात बाजरी आणि तूर, थोड्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी आणि करडई. विहिरीला मोट, आणि मोटेला बैल असले तर. पाऊस, पाणी, खत, बी यांपैकी एकाचीही तरतूद न करता अधिक पिकविण्याचा उपदेश करणारे पत्रक अशा शिवारात काय कामाचे? इंग्लंडात परसातील हिरवळ खणून बटाटे लावण्याचा संदेश यशस्वी झाला, कारण तेथे पाऊस होता आणि पिकलेला बटाटा ज्याचा त्याच्या घरात राहत होता.

येथे पिकलेले धान्य घरात राहत नव्हते, कारण लेव्ही आली. हैदराबाद संस्थानात युद्धाचा जो संदेश निरक्षर माणसालाही अक्षरशः कळला, तो हाच. धारण केलेल्या जमिनीच्या आणि पिकाच्या मानाने प्रत्येक खातेदाराकडून ठरावीक धान्य ठरावीक सरकारी भावाने सक्तीने घ्यावयाचे, अशी ही पद्धत. खुल्या बाजारातील भाव आणि सरकारी भाव यांतील अंतर युद्ध लांबले तसे वाढत गेले. खाती आणि आकारणी पटवाऱ्याच्या हातात. त्यामुळे वजनदार माणसाची ज्वारी पेवात सुरक्षित राही आणि दोन एकरांच्या धन्याची कणगी झाडून नेली जाई, ही तक्रार साऱ्या संस्थानभर होती. पिकले नाही तरी आकडा भरावा लागे, आणि मग बाजारातून चढ्या भावाने विकत घेऊन सरकारला स्वस्तात घालण्याची पाळी येई. सरहद्दीवरच्या माणसाची कोंडी आणखी निराळी होती : नदीपलीकडे धान्याला चांगला भाव येत असला, तरी मध्ये करोडगिरीचा नाका आणि धान्य बाहेर नेण्यास बंदी. भित्तिपत्रकावर ‘तुम्ही’ म्हणून आदराने हाक मारणारे सरकार खळ्यावर आले की तराजू घेऊन येत असे, आणि शेतकऱ्याने सरकारला ओळखले ते खळ्यावर.

याच काळात लोकांपर्यंत दुसऱ्या बाजूचे शब्दही पोहोचत होते, आणि त्यांना रंगीत शाईची गरज पडली नाही. १९४० च्या १७ ऑक्टोबरला पवनार येथे विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाला प्रारंभ केला. युद्धाला माणसाची अगर पैशाची मदत करू नका, इतकेच त्यांचे सांगणे होते. १९४२ च्या ऑगस्टात नेहरू, पटेल, आझाद प्रभृती नेत्यांना सरकारने नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत काँग्रेस रेडिओ गुप्तपणे चालविला. निजामाच्या हद्दीत आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर बंदी येई आणि ते हद्दीबाहेरून नाव बदलून पुन्हा निघे. सरकारी प्रचारखात्याला जी विश्वासार्हता लाखो रुपये खर्चून लाभली नाही, ती अशा चुरगळलेल्या, चोरून आणलेल्या अंकांना लाभली, कारण ते जवळ बाळगणाऱ्याला तुरुंगाची जोखीम होती.

महायुद्ध १९४५ मध्ये संपले, पण लेव्ही संपली नाही. म्हणूनच १९४७ च्या ऑगस्टात स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने भारतीय संघराज्यात सामील होण्याची चळवळ उभारली, तेव्हा लेव्ही नाकारणे हा तिच्या कार्यक्रमाचा भाग झाला, आणि सरहद्दीवरच्या तरुणांनी करोडगिरीचे नाके आणि पाटील-पटवाऱ्यांची दप्तरे यांच्यावर हल्ले चढविले. ते कागद का जाळले गेले हे लेव्हीचा इतिहास जाणणाऱ्याला सांगावे लागत नाही. १९४८ च्या १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, आणि १७ सप्टेंबरला स्वतः निजामाने हैदराबादच्या नभोवाणीवरून युद्ध थांबल्याचे आपल्या प्रजेला सांगितले. १९१४ च्या जाहीरनाम्यापासून सुरू झालेल्या या संभाषणातील राजाचे हे जवळजवळ अखेरचे वाक्य होय.

युद्धकालीन भित्तिपत्रके आज जुन्या वस्तूंच्या बाजारात मोठ्या किमतीला विकली जातात, संग्रहालये ती काचेआड ठेवतात, आणि त्यांच्या रेषेचे, रंगाचे कौतुकही होते. ते व्हावे. परंतु हुकूम देणाऱ्याचा कागद जपला जातो आणि हुकूम सोसणाऱ्याचा कागद रद्दीत जातो, तेथे इतिहास अर्धाच उरतो. आष्टी, कडा, धानोरा, धामणगाव या गावांतील जुन्या वाड्यांत, माळ्यावरच्या पेट्यांत, फडताळांत अजूनही उर्दूतील महसुलाच्या आणि लेव्हीच्या पावत्या, पटवाऱ्यांचे बस्ते, हाली सिक्क्याचे हिशेब पडून असतील. वाचता येत नाहीत म्हणून ते फेकून देऊ नका. ती लिपी वाचणारी वडीलधारी माणसे अजून आपल्यात आहेत; त्यांच्याकडून ते वाचून घ्या, कोणाचे, कोणत्या गावचे, कोणत्या सालचे ते मागे टिपून ठेवा, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे अथवा पुराभिलेखागाराकडे त्यांची एक प्रत तरी पोहोचवा.