मदिनेची जियारत-स्थळे

सौदी अरेबियाच्या हिजाझ प्रदेशातील मदिना शहरात व त्याच्या सभोवती असलेली इस्लामच्या आरंभकाळातील पवित्र स्थळे. हज किंवा उमऱ्यासाठी आलेले यात्रेकरू मशीद-ए-नबवीत नमाज व सलाम झाल्यावर एखादी सकाळ या फेरीसाठी राखून ठेवतात. पहाटेच्या फज्र नमाजनंतर नाश्ता उरकून बस निघते आणि बहुधा दुपारच्या जुहर नमाजपर्यंत परतते. भारतीय गटांबरोबरचा मार्गदर्शक सहसा उर्दूत माहिती सांगतो. बसचे थांबे रस्त्याच्या सोयीने लागतात. इतिहासाचा क्रम यात्रेकरूने मनाशी लावून घ्यावा. कुबा (इ. स. ६२२), किब्लतैन (६२४), उहुद (६२५) आणि खंदक (६२७) ही पाच वर्षांची सलग कथा आहे.

कुबा शहराच्या दक्षिणेस आहे. मक्केहून हिजरत करून येताना मुहंमद पैगंबर मदिनेत शिरण्यापूर्वी येथे थांबले व त्यांनी मशिदीचा पाया घातला. ही इस्लाममधील पहिली मशीद मानली जाते. पैगंबर दर शनिवारी कधी पायी, तर कधी उंटावरून येथे येत, अशी हदीस आहे. घरून वुजू (नमाजपूर्वीची अंगशुद्धी) करून येऊन येथे नमाज पढल्यास उमऱ्याचे पुण्य लाभते, या श्रद्धेमुळे यात्रेकरू मुक्कामाच्या ठिकाणीच वुजू करून बसमध्ये चढतात. सध्याची चार मिनारांची पांढरी वास्तू अब्देल वाहेद अल-वकील या इजिप्शियन वास्तुविशारदाने १९८० च्या दशकात उभारली. परिसरात खजुराच्या बागा असून अजवा खजुराची खरेदी बहुतेक जण येथेच करतात.

किब्लतैन म्हणजे दोन किब्ल्यांची मशीद. नमाजची दिशा जेरूसलेमऐवजी मक्केकडे करण्याचा आदेश आल्यावर चालू नमाजातच येथील जमात वळली, अशी परंपरा आहे. मदिनेहून जेरूसलेम उत्तरेला, तर मक्का दक्षिणेला. त्यामुळे सगळ्या रांगांना पाठ फिरवून उलट तोंड करावे लागले.

फेरीतील सर्वांत बोलके स्थळ उहुद. शहराच्या उत्तरेस सु. ७ किमी. पसरलेला हा तांबूस खडकाळ डोंगर पैगंबरांना फार प्रिय होता. येथे झालेल्या लढाईत मक्केच्या कुरैशांच्या सु. ३,००० सैन्यासमोर मुसलमान सु. ७०० होते. समोरच्या बुटक्या टेकडीवर पैगंबरांनी अब्दुल्ला इब्न जुबैर यांच्या हाताखाली ५० तिरंदाज ठेवले आणि जय होवो वा पराजय, जागा सोडायची नाही, असे बजावले. शत्रू पळू लागल्याचे पाहून बहुतेक तिरंदाज लुटीसाठी खाली उतरले. तेव्हा कुरैशांच्या बाजूने लढणाऱ्या खालिद इब्न वलीदच्या घोडेस्वारांनी मागून हल्ला चढवला. पैगंबर जखमी झाले, त्यांचा दात तुटला. त्यांचे चुलते हमजा यांच्यासह सु. ७० जण शहीद झाले. रुमात म्हणून ओळखली जाणारी ही टेकडी काही मिनिटांत चढता येते. वरून डोंगर, मैदान आणि मागची मोकळी वाट एका नजरेत येते आणि लढाई कशी फिरली ते शब्दांवाचून समजते. शहिदांचे दफन मैदानातच झाले. उस्मानी काळातील कबरींवरील बांधकामे सौदी राजवट आल्यावर पाडण्यात आली. आज कुंपणाबाहेरूनच सलाम व दुआ करतात.

खंदकच्या लढाईत सलमान फारसी यांच्या सल्ल्याने शहराच्या उघड्या बाजूस खंदक खणला गेला व मक्केकरांचा वेढा निष्फळ ठरला. तो खंदक आता दिसत नाही. सिला टेकडीच्या पायथ्याच्या मशिदींवरून जागेचा अंदाज येतो. अनेक बस येथे थांबत नाहीत, फक्त वेग कमी करतात.

उहुदला मात्र घाईने केलेली भेट पुरत नाही. तेथे किमान तासभर मिळावा, असे गटप्रमुखाला आधीच सांगून ठेवावे आणि ऊन चढण्यापूर्वी टेकडी गाठावी.